क्लचसाठी घेतलेलं व्यसन

रविवारी वर्ध्याच्या मैदानावर मुंबईचे उपमंत्री येणार होते, आणि त्याआधीच्या मंगळवारी वडनेरच्या शाळेपुढे लहानू ड्रायव्हरने ट्रकच्या क्लचचं पायडल दाबलं, ते खाली गेलं आणि खालीच राहिलं. लग्नात मानपान चुकलेला व्याही जानोशातून उठत नाही, तसं. लहानूने चपलेच्या टोकाने ते वर उचललं. आलं. पुन्हा दाबलं. पुन्हा जाऊन बसलं.

"गुरुजी," लहानू खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "पायडल मेलं."

मधुकरराव पांढरीपांडे तेव्हा ट्रकच्या पाठीवर उभे राहून मदिरासुराच्या पाचव्या हाताला सुतळी बांधत होते. बांबू, तट्टे आणि जुनी वर्तमानपत्रं यांचा हा राक्षस दहा हातांत दहा रिकाम्या बाटल्या घेऊन उभा राहणार होता. त्या बाटल्या मिळवायलाच आठ दिवस गेले होते. दारूबंदीचा कायदा त्या वर्षी जिल्ह्यात नव्याने कडक झाल्यामुळे वडनेरात रिकामी बाटली असल्याचं कोणी कबूल करेना. शेवटी पोलिस चौकीतल्या जप्तीच्या मुद्देमालातून पावती करून बाटल्या आणाव्या लागल्या. पावतीवर सही मधुकररावांची. ते मिडल स्कूलमध्ये गणित-शास्त्राचे मास्तर आणि गावच्या दारूबंदी प्रचार समितीचे चिटणीस होते. आयुष्यात चहाखेरीज कुठलंही उत्तेजक पेय त्यांनी घेतलं नव्हतं, आणि चहाही अर्धा कप.

रविवारी जिल्ह्यातल्या गावोगावच्या समित्यांचे चित्ररथ निघायचे होते. ज्याचा रथ पहिला येईल त्या गावच्या चिटणिसाला जिल्हा समितीवर बिनसरकारी सभासद म्हणून घेणार, असं परिपत्रक आलं होतं. हे परिपत्रक मधुकररावांना पाठ होतं. बावीस वर्षांत हेडमास्तरकी दोनदा दारावरून पुढे गेली होती. त्यांनी त्रैराशिक शिकवलेली पोरं ओव्हरसियर झाली, नायब तहसीलदार झाली, आणि हिंगणघाटच्या स्टँडवर भेटली की वाकून नमस्कार करून विचारत, "गुरुजी, अजून तिथंच?" या प्रश्नाला एकदा तरी "नाही" म्हणायचं, एवढीच त्यांची जन्माची इच्छा उरली होती. आणि ती इच्छा आता एका पायडलाखाली सापडली होती.

ट्रक खरेदी-विक्री संघाचा. लढाईतला होता. लिलावात घेतला तेव्हा त्याच्या दारावर तीन भोकं होती, आणि ती गोळ्यांची असल्याचं संघाचे अध्यक्ष बापूराव छाती फुगवून सांगत. बाकी तालुक्यातल्या ट्रकांचा क्लच दांड्याने चाले. याचा मात्र नळीतल्या तेलाने चाले. म्हणजे पायडल आणि क्लच यांचा एकमेकांशी प्रत्यक्ष संबंधच नव्हता. जो काही व्यवहार होता तो मध्यस्थामार्फत. सरकारी खात्यासारखाच.

बुधवारी सकाळपर्यंत बातमी गावभर झाली आणि सल्ले यायला सुरुवात झाली. वडनेरात मोटारीचं ज्ञान कोणाला नव्हतं, पण बैलबंडीचं सगळ्यांना होतं. आणि ज्ञान एकच असतं, फक्त चाकं कमीजास्त, अशी तिथली समजूत होती. निवृत्त पोलिस पाटलांचं मत, क्लच ही चैन आहे, त्यांनी तरुणपणी एका इंग्रज साहेबाला बिनक्लचची मोटार हाकताना डोळ्यांनी पाहिलं आहे. (साहेब पुढे नाल्यात गेला, हे त्यांनी फार आग्रह केल्यावर सांगितलं.) पोस्टमास्तर म्हणाले, शाळेची पोरं लावून ढकलत न्या. वर्धा चाळीस मैल होतं. मधुकररावांनी मनात हिशेब केला, ताशी दोन मैल, वाटेत मुक्काम धरून, आणि तो विचार सोडायला हवा होता त्यापेक्षा उशिरा सोडला.

बापूरावांनी स्वतः बॉनेट उघडायला लावलं. आत पायडलाच्या वरच्या अंगाला एक लहानशी वाटी होती. झाकण काढलं तर वाटी कोरडी.

"हेच तं म्हनो मी!" बापूराव म्हणाले. "तेल सुकलं. बंडीच्या आखाले वंगन नसलं तं बंडी चालते काय? टाका तेल."

"कोणतं तेल, बापूराव?" मधुकररावांनी विचारलं.

आता इथं सरळ कोणाला तरी विचारता आलं असतं. पण वडनेरात प्रश्न पडला की माणसाला नाही, सभेला विचारत. संध्याकाळी शाळेत सभा भरली. बापूराव म्हणाले, उपमंत्री स्वतः ग्रामोद्योगवाले, त्यांच्यापुढे विलायती तेलावर चालणारा रथ न्यायचा तर गावच्या तेलघाणीने काय तोंड काळं करायचं? घाणीवर ताजं जवसाचं तेल निघून राह्यलं, तेच टाकावं. ठराव एकमताने पास झाला. मधुकररावांनी तो सुवाच्य अक्षरांत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या, आणि कंदिलाच्या उजेडात वाटीत पावशेर जवसाचं तेल गेलं. लहानूने पायडल पाच-पंचवीस वेळा दाबलं. शेवटी ते आपलं आपण वर आलं. टाळ्या झाल्या. घाणीवाल्याचा नारळ देऊन सत्कार झाला.

गुरुवारी सकाळी पायडल मधोमध अडकलं होतं.

"आता खालीबी नाई अन् वरबी नाई," लहानू म्हणाला. "आंदी नुसतं मेलं होतं गुरुजी. आता त्याचं भूत झालं."

तेव्हा कुठे हिंगणघाटच्या गॅरेजातून पुनाजी मडावीला बोलावणं गेलं. पुनाजी गोंड. लढाईत फौजेच्या मोटार कंपनीत चार वर्षं ब्रह्मदेशाच्या जंगलात ट्रक उलटेसुलटे करून आलेला. माणूस अबोल. दुपारच्या मोटारीने आला, पिशवी खाली ठेवली, आणि जमलेल्या गावाकडे न पाहता ट्रकभोवती एक चक्कर मारली. डॉक्टरने नाडीला हात लावण्याआधी घरातली गर्दी मोजावी तशी.

"पैले कोनं हात लावला?"

सगळं गाव दुसरीकडे पाहू लागलं.

पुनाजीने वाटीत बोट बुडवलं, हुंगलं, दोन बोटांत चोळलं. बोटं एकमेकांना चिकटली.

"हे काय होय?"

"जवसाचं," मधुकरराव म्हणाले.

"कोनं टाकलं?"

"ठरावानं."

"मंग ठरावालेच म्हना, बस खाली अन् काढ."

पण तो स्वतःच खाली गेला. मधुकरराव चिटणीस, त्यांनाही धोतर सावरून मागोमाग सरपटावं लागलं. गिअरच्या पेटीशेजारी वितीएवढं एक नळकांडं होतं, त्याच्या तोंडाला रबराची टोपडी. पुनाजीने टोपडी मागे सारली, आणि आतून तेलाची धार मधुकररावांच्या कानात गेली.

"हे पाहा गुरुजी. तिकडं पायडल दाबलं का तेल नळीनं इकडं येते. इथं आत रबराची वाटी हाय, थे वाटी दांडा ढकलते, दांडा क्लच ढकलते. वाटी फाटली. तेल बाजूनं पळून राह्यलं. म्हून पायडल रिकामं जात होतं. रोग येवढाच होता. चार आन्याचा."

"आणि अडकलं ते?"

"थे तुमचं औषध." त्याने पायडलाजवळचं वरचं नळकांडंही उघडून दाखवलं. आतली दुसरी रबरी वाटी भिजत घातलेल्या वालासारखी फुगून जवसाच्या चिकात घट्ट बसली होती. "जवस वाळते. दाराले रंग देतेत त्याच्यात काय घालतेत? तुमी नळीले आतून रंग देल्ला."

मधुकररावांच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखा पसरतो! हा नियम ते सातवीला बावीस वर्षं शिकवत आले होते. तो खरा असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ट्रकखालून बाहेर येऊन, कानातलं तेल उपरण्याने पुसत, त्यांनी गावाला तो नियम आकृतीसह समजावून दिला. गावाने शांतपणे ऐकून घेतला.

"मंग गुरुजी," मागून कोणीतरी विचारलं, "तुमाले आंदीपासूनच ठाऊक होतं, तं जवस काऊन टाकू देल्लं?"

पुनाजीच्या पिशवीत ब्रेकच्या दोन रबरी वाट्या होत्या, त्या बसत होत्या. प्रश्न तेलाचा. या कामाचं डब्यातलं तेल हिंगणघाटात नव्हतं, आणि नागपूरचा दुकानदार पंधरा दिवसांचा वायदा करत होता.

"ब्रह्मदेशात डबे संपले का आमी घरीच करो," पुनाजी म्हणाला. "अर्धं एरंडेल. रबराले बाधत नाई."

एरंडेल! गावात आनंद पसरला. वडनेरात घरटी एक बाटली होती, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी पोरं नाक दाबून रांगेत उभी राहत. पोरांनीच धावत जाऊन बाटल्या आणल्या. इतक्या उत्साहाने त्या गावाने सार्वजनिक कार्याला कधी हातभार लावला नव्हता.

"अन् बाकीचं अर्धं?" बापूरावांनी विचारलं.

"स्पिरिट."

"म्हणजे?"

"दारूचा बाप," पुनाजी म्हणाला.

ट्रकवर मदिरासुर दहा हात पसरून उभा होता, त्याच्या पायाशी 'मद्यपान म्हणजे सर्वनाश' असा फलक होता, आणि त्या फलकाखाली दारूबंदी समितीचे सात सभासद एकमेकांकडे पाहत होते. बापूरावांनी कानांवर हात ठेवले, पण ऐकू येईल इतपतच. म्हणाले, "गुरुजी, तुमी शिकलेले. कचेरीत कागद करून आना बा. रीतसर."

शुक्रवारी पहाटेच्या मोटारीने मधुकरराव आपला एकुलता एक काळा कोट घालून वर्ध्याला गेले. दारूबंदीच्या कचेरीत बाबाराव नावाचे कारकून होते. त्यांनी अर्ज ऐकून घेतला, पान लावलं आणि छापील फॉर्म उलगडला.

"रकाने चार. दवाखाना?"

"नाही."

"प्रयोगशाळा?"

"शाळेत एक भिंग आहे."

"कारखाना? त्याची पाहनी होते, तीन मयने लागतेत."

"परवा रविवारी रथ निघायचा आहे हो!"

"मंग राह्यला चौथा. वैयक्तिक, कंसात व्यसन."

"पण स्पिरिट मला नको, ट्रकला हवं आहे."

"ट्रकचा रकाना नाई," बाबाराव समजुतीने म्हणाले. "अन् असता तरी वैद्यकीय तपासनी अर्जदाराची होते. ट्रक डॉक्टरपुढं जीभ काढीन काय? गुरुजी, तुमी आमच्या पुतण्याचे मास्तर, म्हून सांगतो. चौथा भरा. परवानेवाल्याले दवाखान्यातून आठ औंस स्पिरिट भेटते. नेऊन कुठंबी वता, आमी पोटात पाहाले येत नाई."

खोटं उत्तर लिहिणाऱ्या मुलाचे अर्धे गुण कापण्याबद्दल मधुकररावांची ख्याती होती. ते पाच मिनिटं कचेरीच्या व्हरांड्यात उभे राहिले. समोरून दोन नायब तहसीलदार गेले, त्यांतला एक ओळखीचा वाटला. तो वाकून काही विचारायच्या आत मधुकरराव आत शिरले आणि खुर्चीवर बसले.

"किती वर्षांपासून पेता? पाचाच्या खालती परवाना भेटत नाई."

"बारा," मधुकरराव म्हणाले. बारा ही त्यांची आवडती संख्या. तिला दोन, तीन, चार, सहा, सगळ्यांनी भाग जातो.

"रोज किती?"

इथे त्यांचं गणित थांबलं. हा पदार्थ कशाने मोजतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "दोन तांबे," ते अंदाजाने म्हणाले.

बाबारावांनी टाक खाली ठेवला. "गुरुजी, येवढी पेनारा मानूस इथं चालत येत नाई, त्याले आनतेत. पावशेर लिवतो."

डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, बरगडीखाली बोटं रुतवली, आणि त्यांचा चेहरा पडला. "यकृत उत्तम आहे," ते खेदाने म्हणाले. "असं यकृत मी कॉलेज सोडल्यापासून पाहिलं नाही." मधुकररावांचा एवढा निरपेक्ष गौरव कोणी केला नव्हता, पण तो नेमका अडचणीत टाकणारा निघाला. ट्रकची कथा ऐकल्यावर डॉक्टरांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग "किंचित वाढलेलं" असं लिहून त्यांनी सही केली.

बाटलीवर कंपाउंडरने मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवली: 'श्री. मधुकर विनायक पांढरीपांडे, मु. वडनेर. नोंदणीकृत व्यसनी. पोटात घेण्यासाठी.' ती बाटली मांडीवर घेऊन, चिठ्ठी आतल्या बाजूला करून, ते मोटारीत बसले. शेजारी सिंदी मेघेच्या एक वृद्ध बाई होत्या. वळणावर बाटली फिरली. बाईंनी चिठ्ठी वाचली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि आपली पिशवी उचलून उभ्याने प्रवास करणं पत्करलं.

शनिवारी पुनाजीने नळ्या धुतल्या, वाट्या बसवल्या, एरंडेल आणि स्पिरिट एका तांब्यात घोटलं. आता नळीत अडकलेली हवा काढायची होती. लहानू पायडलावर, पुनाजी वाटीशी, आणि खालच्या नळकांड्याचा चिमुकला स्क्रू सैल-घट्ट करायला मधुकरराव. बाकी सभासदांनी त्या तांब्याला हात लावायला तत्त्वतः नकार दिला होता.

"दाब!" पुनाजी ओरडे. "धर! गुरुजी, सोडा! आवळा! लहानू, उचल!"

आधी नुसते बुडबुडे. मग बुडबुडे आणि तेल. विसाव्या वेळी मधुकररावांनी "सोडा" ऐकलं आणि "आवळा" ऐकलं नाही. मिश्रण पिचकारीसारखं सुटून कालपासून न उतरवलेल्या काळ्या कोटाच्या छातीवर आलं. पण स्क्रू आवळला आणि वरून लहानूची आरोळी आली, "आलं! गुरुजी, जिवंत झालं!" पायडल दाबलं की घट्ट लागत होतं, सोडलं की आपलं आपण वर येत होतं. ट्रकखाली उताणे पडलेल्या मधुकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्पिरिटचं असावं.

कोट तीनदा धुतला. एरंडेल गेलं. दुसरा वास राहिला.

रविवारी वडनेरचा मदिरासुर चाळीस मैल न अडखळता वर्ध्यात शिरला. बाकी गावांचे रथ बैलबंड्यांचे. दारावर गोळ्यांची भोकं असलेला राक्षस फक्त वडनेरचा. पहिला नंबर जाहीर झाला तेव्हा बायकांच्या बाजूला बसलेल्या सुलोचनाबाईंनी, मधुकररावांच्या पत्नीने, डोक्यावरचा पदर नीट केला. मधुकररावांनी खिशातल्या चार ओळींच्या भाषणावर हात ठेवला.

पण आधी दारूबंदी खात्याच्या अधिकाऱ्यांनी जिल्ह्याचे आकडे वाचले. गावागणिक नोंदणीकृत व्यसनी किती. अमुक गाव सात, तमुक गाव अकरा. "वडनेर," अधिकारी म्हणाले, "मागील महिन्यापर्यंत शून्य. शुक्रवारपासून, एक."

उपमंत्री भावनाप्रधान होते. "एकच!" ते उठून माइकपाशी आले. "ज्या गावानं हा रथ घडवला, त्या गावात एकच बंधू उरला आहे! तो बंधू आज इथं आहे का? त्याचं नाव काय?"

अधिकाऱ्यांनी नाव वाचलं. मग हातातला दुसरा कागद पाहिला, ज्यावर पहिल्या नंबराच्या चिटणिसाचं नाव होतं. मग पुन्हा पहिला.

बापूराव शेजारून पुटपुटले, "गुरुजी, अर्ज खोटा होता म्हनान तं सहा मयने आत. तोंड सांभाळजा."

मधुकरराव व्यासपीठावर चढले. उपमंत्र्यांनी त्यांना मिठी मारली, आणि कोटाचा वास घेऊन ती घट्ट केली. "अजून सुटलेली नाही," ते माइकवर कापऱ्या आवाजात म्हणाले. "किती वर्षं, बंधू?"

एका बाजूला सत्य होतं, सहा महिने होते, आणि सुटून आल्यावर स्टँडवरचा तोच प्रश्न होता. दुसऱ्या बाजूला पाच हजार माणसं होती.

"बारा," मधुकरराव म्हणाले. "पण आजपासून सोडली."

टाळ्यांचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. तो थांबेपर्यंत त्यांना आपण काय बोललो याचा विसर पडला आणि थांबल्यावर तो पुन्हा हवासा वाटला. खिशातल्या चार ओळी तशाच राहिल्या. पहिली पावशेर कोणी पाजली इथपासून ते बोलू लागले. संसाराची धूळधाण सांगितली. बायकोच्या हातच्या चार तोळ्यांच्या बांगड्या कशा उतरवून नेल्या, आणि ती माउली उंबऱ्यात कशी उभी राहिली, इथे आले तेव्हा उपमंत्र्यांनी चष्मा काढला होता आणि बायकांच्या बाजूने हुंदके येत होते. शेजारणींनी सुलोचनाबाईंना गराडा घातला होता. त्या काही न बोलता खाली मान घालून हात कुरवाळून घेत होत्या.

जिल्हा समितीवर त्यांची नेमणूक तिथल्या तिथे झाली. बिनसरकारी सभासद, सुधारलेल्या व्यसनींचे प्रतिनिधी म्हणून.

परतताना लहानू गाडी हाकत होता, मध्ये मधुकरराव गळ्यात हार घेऊन, आणि खिडकीशी सुलोचनाबाई. हिंगणघाट मागे पडलं. पायडल खाली जात होतं, वर येत होतं.

"अहो," सुलोचनाबाई शेवटी म्हणाल्या, "बांगड्या किती तोळ्यांच्या म्हणालात?"

"चार. पण ते भाषणात…"

"माझ्या हातात कधी होत्या त्या?"

मधुकरराव गळ्यातला हार सरळ करू लागले.

"नाही, माझं काही म्हणणं नाही. मी तिथं काही बोलले का? पण पाच हजार लोकांसमोर तुम्ही त्या उतरवून नेल्यात. आता सुधारलात. सुधारलेला माणूस पहिलं काय करतो? बायकोच्या बांगड्या सोडवून आणतो. उद्यापासून सगळं गाव माझे हात पाहील." त्यांनी ते दोन्ही हात मांडीवर नीट मांडले. "नाहीतर म्हणतील, मेला अजून पितोच आहे."

"वैनीचं बराबर हाय गुरुजी," लहानू म्हणाला आणि गिअर बदलला.